बाटलीवरचे शिराझ, मातीतले नाशिक : एका रेड वाईनच्या वंशावळीचा धागा

१/२४
नाशिकच्या रेड वाईनविषयी बोलू लागले की एक नाव हमखास येते : शिराझ. गडद जांभळट रंग, भरदार चव आणि गिळल्यावरही जिभेवर रेंगाळणारा तुरटपणा. नाव ऐकताच इराणातले शिराझ नगर, हाफिजच्या गझला, मोगल दरबारातल्या सुरया अशी चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. समाजमाध्यमांवर तीच इतिहास म्हणून फिरतात. माझे म्हणणे वेगळे आहे. या द्राक्षाचा इराणशी संबंध केवळ नावापुरता आहे. नाशिकच्या शिराझचा खरा इतिहास पाव शतकाहून फार मोठा नाही, आणि बाटली निवडताना, वाढताना व चाखताना उपयोगी पडतो तो हाच लहान इतिहास. #धागा #नाशिक #इतिहास

२/२४
आधी दंतकथा पाहू. फ्रान्समधल्या ऱ्होन नदीकाठी 'हर्मिटेज' नावाची एक टेकडी आहे. गास्पार द स्तेरीम्बेर नावाचा सरदार तेराव्या शतकात धर्मयुद्धातून परतला, विरक्त होऊन या टेकडीवर कुटी बांधून राहिला आणि त्याने पर्शियातून आणलेली वेल तिथे लावली, असे सांगतात. कथा सुंदर आहे, पण साधे साधनचिकित्सेचे प्रश्न विचारले की ती डळमळते. ज्या धर्मयुद्धाशी गास्पारचे नाव जोडले जाते ते आल्बी पंथीयांविरुद्धचे, म्हणजे फ्रान्सच्याच दक्षिण भागातले होते. त्या मोहिमेवरून परतणाऱ्याला पर्शिया वाटेत लागण्याचा संभव नाही.

३/२४
उरलासुरला संशय विज्ञानाने मिटवला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील कॅरोल मेरेडिथ आणि फ्रान्समधील माँपेलिए येथील संशोधकांनी या वाणाची जनुकीय तपासणी केली. त्याचे आईबाप सापडले ते दोन्ही आग्नेय फ्रान्सचे : 'द्युरेझा' हे काळे द्राक्ष आणि 'माँद्यूझ ब्लाँश' हे पांढरे द्राक्ष. इतक्या गडद वाईनच्या जन्मदात्यांपैकी एक पांढरे निघावे, हीही गंमतच. दोन्ही वाण अप्रसिद्ध आहेत. ज्याच्यासाठी राजवंशाची वंशावळ रचली गेली, तो एका खेडवळ घरातला मुलगा निघाला.

४/२४
मग 'शिराझ' हे नाव आले कुठून? फ्रान्समध्ये या वाणाला 'सिरा' म्हणतात. जेम्स बस्बी या गृहस्थाने १८३१ साली स्पेन व फ्रान्सचा दौरा करून शेकडो वाणांच्या काड्या गोळा केल्या आणि त्या ऑस्ट्रेलियात धाडल्या. त्यांत हर्मिटेजचा हा वाणही होता. वेगवेगळ्या स्पेलिंगांतून जाता जाता ऑस्ट्रेलियात 'शिराझ' हे रूप रुळले. विसाव्या शतकात ऑस्ट्रेलियन शिराझ जगभर विकली जाऊ लागली आणि उष्ण हवेत पिकलेल्या, दमदार वाईनशी हे नाव जोडले गेले. नाशिककरांनी उचलले ते हे नाव. म्हणजे आपल्या बाटलीवरचे 'शिराझ' इराणातून नव्हे, ऑस्ट्रेलियामार्गे आलेले आहे.

५/२४
याचा अर्थ शिराझ नगरच्या वाईनची कीर्ती खोटी होती, असा मुळीच नाही. ती खरी होती आणि ती वाईन आपल्या भूमीवर येतही होती. औरंगजेबाच्या काळात दिल्लीत राहिलेला फ्रेंच वैद्य फ्रांस्वा बर्निए लिहितो की शिराझची वाईन खुष्कीने बंदर अब्बासला येते, तिथून जहाजाने सुरतेला आणि सुरतेहून ४६ दिवसांत दिल्लीला पोहोचते. तिची किंमत इतकी चढते की चवीची मजाच किमतीत विरून जाते, अशी त्याची तक्रार आहे. त्याच मोगल काळात आपल्या नाशिकचे नाव होते गुलशनाबाद. नामसाधर्म्याचा मोह इथे किती सहज पडतो, ते पाहा. परंतु बर्निएची शिराझ आणि आजची शिराझ ही दोन वेगळी द्राक्षे आहेत.

६/२४
हाफिजचा दख्खनशी संबंधही असाच मोहक आहे. बहमनी सुलतान दुसरा मुहम्मदशहा (१३७८–१३९७) याने हाफिजला दख्खनला बोलावले. कवी हुर्मुझ बंदरापर्यंत आला, जहाजावर चढला, वादळ पाहून घाबरला, पुन्हा किनाऱ्यावर उतरला आणि स्वतःऐवजी एक गझल पाठवून मोकळा झाला. ही कथा सांगतो फिरिश्ता, ज्याच्या आयुष्याचा पूर्वार्ध अहमदनगरच्या निजामशाहीत गेला. लक्षात घ्या, तो ही कथा लिहितो घटनेनंतर दोन शतकांनी. तरीही तिच्यात आपल्यासाठी एक बोध आहे : शिराझचा कवी दख्खनला आला नाही आणि शिराझचे द्राक्षही आले नाही. दोघांचे फक्त नाव पोहोचले.

७/२४
काही उत्साही मंडळी याहून मागे जातात. 'नाशिकला दोन हजार वर्षांची वाईन परंपरा आहे' असे विधान तुम्हीही वाचले असेल. आधार काय? पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचला येणाऱ्या मालाच्या यादीत वाईन आहे आणि तीतही इटलीच्या वाईनला पसंती आहे, असे म्हटले आहे. पैठण आणि तेर येथून भडोचला गाड्यांनी माल जात असे, हेही त्यात आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या लेखात भरुकच्छ आणि गोवर्धन यांची नावे एकत्र येतात. हे गोवर्धन म्हणजे आजचा गंगापूर-गोवर्धन परिसर, असे मानले जाते. आजच्या अनेक वाईनरी त्याच भागात आहेत.

८/२४
योगायोग रोमांचक आहे, पण तो योगायोगच. पेरिप्लस सांगतो ती वाईन आयात होत होती, इथे पिकत नव्हती. नेवाशासारख्या ठिकाणी उत्खननात अँफोरांची, म्हणजे दोन कानांच्या उंच रांजणांची खापरे सापडली. मात्र पुढे रॉबर्टा टॉम्बर यांच्यासारख्या अभ्यासकांनी फेरतपासणी केली, तेव्हा भारतातून 'रोमन' म्हणून नोंदलेली बरीच खापरे इराणी आखाताकडच्या रांजणांची निघाली. खापर तेच राहिले, त्याचे वाचन बदलले. आयात मालाच्या खापरावर स्थानिक परंपरेचा इमला बांधू नये, हा धडा इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी विसरू नये.

९/२४
संस्कृत ग्रंथ काय सांगतात? कौटिल्य द्राक्षाच्या रसापासून केलेल्या मद्याला 'मधु' म्हणतो आणि त्याचे दोन प्रकार देतो : कापिशायन व हारहूरक. दोन्ही नावे वायव्येकडच्या प्रदेशांवरून पडलेली आहेत. कालिदासाच्या 'रघुवंशा'त रघूचे सैनिक द्राक्षमळ्यांत बसून मद्याने श्रमपरिहार करतात, तोही दिग्विजयाच्या वाटेवर, पारसिकांच्या मुलखात. म्हणजे प्राचीन भारतीयांच्या मनातही द्राक्षाची वाईन ही वायव्येची वस्तू होती. दख्खनच्या पठाराशी तिचे नाते जोडणारा पुरावा इथे मिळत नाही.

१०/२४
मग नाशिकच्या मातीतले जुने पेय कोणते? त्यासाठी पूर्वेकडच्या द्राक्षपट्ट्याकडे नव्हे, पश्चिमेकडे, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांकडे पाहावे लागते. तिथल्या आदिवासी समाजांच्या जगण्यात मोहाला मानाचे स्थान आहे : फूल अन्नात, तेल दिव्यात, आणि सणासमारंभाला मोहाची दारू. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरोघरी चालणारी भट्टी गुन्हा ठरली आणि दारू सरकारी महसुलाचा स्रोत झाली. १८९२ च्या कायद्याने शेजारच्या ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. नाशिकच्या पेयसंस्कृतीचा इतिहास सांगताना हे प्रकरण गाळणे म्हणजे अर्धी वही फाडून टाकणे आहे.

११/२४
दुसरी बाजूही तितकीच आपली आहे. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुले यांनी दारूच्या दुकानांच्या वाढीला लेखी विरोध केला. आपल्या काळात महाराष्ट्राच्या गावोगावी बायकांनी मतदान घडवून 'आडवी बाटली' निवडून आणली आणि दुकाने बंद पाडली. ज्या घरात पगार संध्याकाळी गुत्त्यावर संपतो, तिथे 'वाईन म्हणजे आरोग्यदायी संस्कृती' हे वाक्य कसे ऐकू येत असेल, याचा विचार करावा. वाईन हे मद्य आहे. तिच्याविषयी बोलायचे तर आधी हे मान्य करून बोलावे. मग पुढचे बोलणे प्रामाणिक होते.

१२/२४
आता खऱ्या इतिहासाकडे वळू. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यातील नारायणगावला फ्रेंच तंत्रसाहाय्याने फेसाळ वाईन तयार केली. 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशात गेली. पाहा, इथेही नाव पर्शियाचेच! नाशिकमध्ये राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास गंगापूर धरणाजवळ वाईनच्या वाणांची लागवड केली आणि २००० साली 'सुला'ची पहिली वाईन बाजारात आली. सुरुवातीचे वाण पांढरे होते : सोव्हिन्यो ब्लाँ आणि शेनाँ ब्लाँ. रेड वाईनचे वाण त्यानंतर स्थिरावले आणि त्यांत शिराझने येथील उन्हाशी लवकर जुळवून घेतले.

१३/२४
२००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. वाईनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क उभे करण्याचे ठरले. पुढच्या काही वर्षांत वाईनरींची संख्या भराभर वाढली आणि अनेक बागायतदारांनी वाईनची द्राक्षे लावली. नाशिकच्या शिराझचा खरा 'संस्थापक दस्तऐवज' शोधायचा असेल तर तो फारसी बखरीत नाही, या शासकीय धोरणात आहे. महसूल, अनुदान, कर्ज, करारनामे : इतिहासाची ही साधने रुक्ष दिसतात, पण वेल त्यांच्यावरच चढली.

१४/२४
आणि वेल उतरलीही. २००८ ची जागतिक मंदी आली. त्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला, पर्यटन व हॉटेल व्यवसाय थंडावले आणि वाईनची मागणी घटली. टाक्या भरलेल्या, गोदामे भरलेली. अनेक लहान वाईनरी बंद पडल्या. नारायणगावची ती अग्रणी कंपनीही कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. वाईनच्या द्राक्षांना गिऱ्हाईक उरेना. ही द्राक्षे लहान, बियांची, जाड सालीची असतात. ती खाण्यासाठी बाजारात नेऊन विकता येत नाहीत. अनेक शेतकऱ्यांनी बागा उपटल्या किंवा त्याच खुंटांवर खाण्याच्या वाणांचे कलम केले. शिराझच्या इतिहासातले हे पान कोणत्याही लेबलवर छापलेले नसते.

१५/२४
आता वेलीकडेच पाहू. आपल्याकडचे बहुतेक वेल 'डॉगरिज'सारख्या अमेरिकी खुंटावर कलम केलेले असतात. हा खुंट मूळचा टेक्सासचा आहे, पाण्याचा ताण व क्षार सोसणारा. वरची डोळा-काडी ऱ्होनकाठची. नाव शहराचे, तेही परक्या देशातल्या. आणि त्याला वळण लावणारे हात दिंडोरी-निफाडचे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि शरदात फळ देते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटणी : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. फळ धरते थंडीत आणि काढणी होते साधारण जानेवारी ते मार्चमध्ये.

१६/२४
हे कळले की निवड सोपी होते. पहिली गोष्ट, बाटलीवरचे वर्ष. २०२३ लिहिलेले असेल तर ते द्राक्ष २०२२ च्या पावसाळ्याअखेरीस छाटले आणि २०२३ च्या सुरुवातीला खुडले. त्या थंडीत अवकाळी पाऊस झाला का, गारपीट झाली का, भुरी-डाऊनीने बागा गाठल्या का, हे नाशिकच्या माणसाला आठवत असते. तेच तुमचे ज्ञान. दुसरी गोष्ट, वय. 'जितकी जुनी तितकी चांगली' हे सूत्र निवडक वाईननाच लागू पडते. येथील साधी शिराझ दोन-तीन वर्षांत प्यावी. लाकडी पिंपात मुरवलेली असेल तर आणखी काही वर्षे थांबता येते.

१७/२४
तिसरी गोष्ट, 'रिझर्व्ह' हा शब्द. स्पेनमध्ये त्या अर्थाच्या शब्दामागे मुरवणीच्या कालावधीचे कायदेशीर बंधन असते. आपल्याकडे तो मुख्यतः उत्पादकाचा स्वतःचा दावा असतो. म्हणून मागचे लेबल वाचा : पिंपात किती महिने ठेवली, द्राक्ष कोणत्या भागातले, मद्यार्काचे प्रमाण किती. १४ टक्क्यांच्या जवळ असेल तर वाईन अंगाने भरदार असणार. चौथी गोष्ट, मिश्रण. शिराझ आणि काबेर्ने सोव्हिन्यो यांची जोडी आपल्याकडे रुळलेली आहे. काबेर्ने ताठ कणा देते, शिराझ मांसल गोलाई. पहिल्यांदा चाखणाऱ्याला अशी मिश्र वाईन अनेकदा जास्त आवडते.

१८/२४
वाढण्याविषयी एकच आग्रह धरते. 'रेड वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी' हे वाक्य प्रमाण मानू नका. हे वाक्य जन्मले युरोपच्या जुन्या दगडी घरांत. तळघरातून आणलेली बाटली जेवणाच्या खोलीत किंचित उबदार होऊ द्यायची आणि ती खोली असायची १६ ते १८ अंशांची. एप्रिलच्या नाशिकमध्ये खोली ३२ अंशांची असते. त्या तापमानाला शिराझ उकडलेल्या जॅमसारखी लागते आणि नाकात केवळ मद्यार्क चढतो. बाटली अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा. वाक्याचा शब्द पाळण्यापेक्षा त्याचा काळ आणि स्थळ ओळखणे, हीच तर इतिहासाची शिकवण आहे.

१९/२४
बाकीचे उपचार थोडेच. फिरकीचे झाकण असेल तर नाक मुरडू नका. लवकर प्यायच्या वाईनला ते उत्तम, आणि आपल्या उन्हाळ्यात बूच सुकण्याची भीती राहत नाही. तरुण शिराझ उघडून अर्धा तास रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात ओतून ठेवली की तिचा करडेपणा निवळतो. पेला मोठ्या पोटाचा असावा आणि एकतृतीयांशच भरावा, म्हणजे वास घ्यायला जागा राहते. उरलेली वाईन झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी. त्यानंतर ती आंबट होत जाते.

२०/२४
चाखताना परक्या शब्दसूचीने बिचकू नका. शिराझमुळे तोंडात जे आकसते त्याला इंग्रजीतून उसना शब्द घेण्याची गरज नाही. आपल्या षड्रसांत 'कषाय' आहे, घरगुती भाषेत 'तुरट' आहे. हिरडा, कच्चे केळे, जांभळाची साल ज्याने चाखली आहे त्याला हा रस ठाऊक असतो. शिराझच्या वासात जांभूळ, करवंद, मनुका, कधी कोको सापडतो. ज्याने ब्लॅकबेरी पाहिली नाही त्याने 'ब्लॅकबेरी' म्हणण्यात काय हशील? डोंगराच्या काळ्या मैनेने हाताची बोटे जांभळी झालेल्या माणसाकडे या वाईनसाठी अधिक नेमका शब्द आहे.

२१/२४
आणि मिरी. शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास येतो, ही कविकल्पना नव्हे. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ साली त्यामागचे 'रोटंडोन' नावाचे द्रव्य ओळखले. तेच द्रव्य मिरीत असते. थंड हवेत पिकलेल्या द्राक्षांत ते अधिक आढळते आणि सुमारे पाचांतील एका माणसाला त्याचा वासच येत नाही. म्हणून शेजाऱ्याला मिरी जाणवली आणि तुम्हाला नाही, तर खजील होऊ नका. रोमची जहाजे वाईन घेऊन येत आणि मलबारची मिरी घेऊन परतत. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या दोन वस्तूंचा सौदा होत असे, त्या आज एका पेल्यात एकत्र भेटतात. हा योगायोग मात्र मला कोणत्याही दंतकथेहून प्रिय आहे.

२२/२४
जेवण कोणते? इथे चूक सहज होते. शिराझ दणकट, म्हणून तिच्यासोबत झणझणीत मिसळ, असे वाटते. पण मद्यार्क आणि तुरटपणा दोन्ही तिखटाची आग वाढवतात. झणका नको, धूर आणि खमंगपणा हवा. भाजलेल्या वांग्याचे भरीत, मिरची हात राखून. काळ्या मसाल्यातले मटण, रश्शापेक्षा सुके. निखाऱ्यावरचा कबाब. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटणातली मसूर आमटी. चरबी आणि भाजणीचा वास यांच्यापुढे तुरटपणा मऊ होतो. गोड पदार्थांपुढे मात्र ही वाईन कडवट लागते. पुरणपोळीला तिच्या तुपाबरोबर एकटीच राहू द्या.

२३/२४
'दंतकथेने कुणाचे काय बिघडते?' असा प्रश्न येईल. बिघडते. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला. विरोध झाला आणि निर्णय प्रत्यक्षात आला नाही. त्या वादात एका बाजूने शेतकऱ्याचे हित पुढे केले, दुसऱ्या बाजूने संस्कृती. पण मंदीत बागा उपटणाऱ्या शेतकऱ्याचे काय झाले आणि मोहाच्या भट्टीला गुन्हा ठरवणारी 'संस्कृती' कुणाची, हे फार थोड्यांनी विचारले. हाफिज आणि रोम यांच्या झगमगाटात हे प्रश्न दिसेनासे होतात. कृत्रिम प्राचीनतेची किंमत नेहमी कुणीतरी मोजत असते. इथे ती मोजतात बागायतदार, मजूर आणि डोंगरातला माणूस.

२४/२४
म्हणून माझी मागणी साधी आहे. वाईनरींनी लेबलवर राजवाड्याऐवजी गावाचे नाव, खुंट आणि छाटणीचा महिना छापावा. आपण, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी, विंचूरच्या वाईन पार्कचे कागद वाचावेत आणि ज्यांनी बागा लावल्या व उपटल्या त्यांच्या आठवणी आताच नोंदवून घ्याव्यात. ती माणसे आज बोलू शकतात, पन्नास वर्षांनी आपण खापरे चाळत बसू. ज्यांना शिराझ चाखायची आहे त्यांनी कायद्याने ठरवलेले वय आणि परवाना पाळून, जेवणासोबत, थोडी चाखावी. ज्यांना नको त्यांनी हा धागा वाचला तरी पुरे. तुमच्या गावात वाईनची द्राक्षबाग होती का, तिचे पुढे काय झाले? उत्तरात जरूर लिहा. मी प्रत्येक उत्तर वाचणार आहे.